कार्ड खिशात, परीक्षा पाण्यात

कुंभकोणमला समुद्र नाही, हे आधीच सांगून टाकते. गावाच्या एका अंगाला कावेरी, दुसऱ्या अंगाला अरसलार, मध्ये गोपुरांची दाटी आणि चारी बाजूंनी पायऱ्या उतरलेलं महामहम तळं. मग स्कूबा डायव्हिंगचा इथे काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध आहे, आणि तो आपल्यासारख्या सहकुटुंब फिरणाऱ्यांनीच जोडला आहे.

नवग्रहांच्या देवळांची यात्रा करायची म्हणजे मुक्काम कुंभकोणमला. आलंगुडीचा गुरू, कंजनूरचा शुक्र, तिरुनागेश्वरमचा राहू, सूर्यनार कोविल, सगळे इथून जवळ. आजी-आजोबा खूश असतात. नातवंडं मात्र चौथ्या देवळानंतर गाडीतून उतरायला तयार नसतात. आणि हल्ली घरात एखादा तरी असतोच, ज्याने अंदमानात, तारकर्लीला किंवा थायलंडला चार दिवस घालवून स्कूबाचं कार्ड मिळवलेलं असतं. तो मोबाइलवर नकाशा उघडतो आणि म्हणतो, "पुदुच्चेरी इथून तीनेक तासांवर आहे. तिथे डाइव्ह करता येते!"

येते, हे खरं. पुदुच्चेरीच्या किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत, साधारण अठरा मीटर खोलीवर, माशांना आसरा मिळावा म्हणून माणसांनी रचलेली एक जागा आहे. तिचं नावच 'टेंपल रीफ'. देवळांच्या सहलीत पाण्याखालचं एक देऊळही पाहून घ्या, असं म्हणायला हरकत नाही.

पण तिथे गेल्यावर तुमच्या कार्डवाल्याला एक प्रश्न विचारला जाणार आहे. त्या प्रश्नासाठीच हा लेख.

आधी समुद्र, मग देव

प्रश्नाकडे वळण्याआधी सहलीचा क्रम ठरवून घेऊ, कारण बहुतेक लोक तो उलटा लावतात. आधी देवदर्शन, मग 'एन्जॉय', आणि शेवटच्या दिवशी डाइव्ह करून संध्याकाळचं विमान. हे करायचं नाही.

पाण्याखाली दाबातली हवा श्वासात घेतली की तिच्यातला नायट्रोजन रक्तात आणि शरीराच्या पेशींमध्ये मुरतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. सोड्याच्या बाटलीचं बूच उघडताना आपण ते सावकाश फिरवतो ना, तसंच हे. बाहेरचा दाब एकदम कमी झाला तर आत बुडबुडे होतात आणि सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकतं. विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो. म्हणून एकच साधी डाइव्ह केली असेल तर विमानाआधी निदान १२ तास, आणि एकाहून जास्त किंवा लागोपाठच्या दिवशी केल्या असतील तर निदान १८ तास जाऊ द्यावेत, असा सर्वमान्य संकेत आहे. हाच नियम डोंगरालाही लागू. डाइव्ह झाल्यावर त्याच दिवशी कोडाईकनालचा घाट चढू नका. ते गाव समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच आहे.

म्हणून क्रम असा ठेवा. मुंबईहून चेन्नई गाठून किनाऱ्याच्या रस्त्याने पुदुच्चेरीला जा, किंवा दादरहून थेट पुदुच्चेरीला जाणारी चालुक्य एक्स्प्रेस धरा. तिथे दोन-तीन दिवस. मग गाडीने चिदंबरम, वाटेत गंगैकोंडचोळपुरम, आणि कुंभकोणमला मुक्काम. शेवटी तंजावर करून तिरुचिरापल्लीहून विमान. रक्तातला नायट्रोजन कुंभकोणमच्या देवळांत फिरता फिरता निघून जातो. आजीचा देव, नातवाचा समुद्र आणि डॉक्टरांचे अठरा तास, तिघांचंही यात जमतं.

एक खबरदारी. ऑक्टोबर ते डिसेंबर हा या किनाऱ्याचा पावसाळा. ईशान्येकडून येणारा पाऊस आणि बंगालच्या उपसागरातली वादळं याच दिवसांत असतात. आपल्याकडे दिवाळीच्या सुट्टीत मालवणचा समुद्र छान निवळलेला असतो, म्हणून इथलाही तसाच असेल असं धरून चालू नका. फेब्रुवारीपासून पुढे बरं.

"शेवटची डाइव्ह कधी केली होती?"

हाच तो प्रश्न. कार्ड दाखवलं की काउंटरवरचा मुलगा ते पाहतो, मान हलवतो आणि हे विचारतो. मग लॉगबुक मागतो. आणि उत्तर "चार वर्षांपूर्वी, अंदमानला" असं असेल, तर तो शांतपणे सांगतो, "मग उद्या सकाळी आधी स्विमिंग पूलमध्ये उजळणी करू. ठीक वाटलं तर परवा समुद्रात."

इथे पुष्कळांचा चेहरा पडतो. माझा पुतण्या तर चक्क म्हणाला होता, "मी काय शिकाऊ आहे का? सर्टिफाइड आहे मी." त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. ओपन वॉटरचं कार्ड जन्मभराचं असतं. त्यावर मुदत संपल्याची तारीख नसते. त्यावर लिहिलेलं असतं ते इतकंच, की या माणसाने अमुक दिवशी अमुक गोष्टी इन्स्ट्रक्टरसमोर करून दाखवल्या. त्या आज येतात की नाही, हे कार्ड सांगत नाही. तुमच्याकडे वीस वर्षांचं लायसन्स आहे, पण आठ वर्षांत स्टिअरिंगला हात लावलेला नाही. अशा वेळी घरची चार माणसं बसवून गाडी थेट बोरघाटात घालाल का? आधी गल्लीतून एक चक्कर माराल. चेक डाइव्ह म्हणजे ती गल्लीतली चक्कर.

कुंभकोणमला यासाठी एक छान दाखला आहे, आणि तो पितळी डबऱ्या-टंबलरमधून वाफाळत येतो. इथली डिग्री कॉफी प्रसिद्ध. ही डिग्री विद्यापीठाची नव्हे. एक व्युत्पत्ती अशी सांगतात, की दुधात लॅक्टोमीटर सोडून त्यात पाणी आहे का ते बघत, आणि कसाला उतरलेल्या दुधाची कॉफी ती 'डिग्री' कॉफी. (चिकोरीवरून शब्द आला असं सांगणारेही आहेत. त्या वादात कॉफी गार होते.) गवळी कितीही जुना, कितीही विश्वासाचा असो, लॅक्टोमीटर बुडायचा तो आजच्या दुधात. कालचं दूध निर्भेळ होतं एवढ्यावर आजचं ठरत नसे, आणि यात गवळ्याचा अपमान आहे असं कुणाला वाटत नसे.

खऱ्या डिग्रीचंही या गावाशी नातं आहे. इथल्या सरकारी कॉलेजमुळे कुंभकोणमला एकेकाळी 'दक्षिणेचं केंब्रिज' म्हणत. त्याच कॉलेजात श्रीनिवास रामानुजन १९०४ साली शिष्यवृत्तीवर दाखल झाला, गणित सोडून बाकीच्या विषयांकडे लक्ष दिलं नाही म्हणून नापास झाला, आणि शिष्यवृत्ती गमावून बसला. सारंगपाणी सन्निधी स्ट्रीटवरचं त्याचं छोटंसं घर जपून ठेवलं आहे. मुलांना जरूर दाखवा. त्याच्याकडे कागद नव्हता, विद्या होती. डायव्हिंगच्या काउंटरवर बहुतेक वेळा उलटी तऱ्हा असते. शिवाय गणित डोक्यात राहतं. पाण्याखालची कामं हातांना लक्षात ठेवावी लागतात, आणि हात फार लवकर विसरतात.

नक्की काय बघतात?

घाबरण्यासारखं यात काही नसतं, पण काय होणार हे आधी माहीत असलं की निम्मा ताण जातो. बघणाऱ्याची सुरुवात पाण्याबाहेरच होते. तो तुम्हाला हवेची टाकी, बीसीडी म्हणजे हवा भरायचं जाकीट, आणि रेग्युलेटर देतो आणि म्हणतो, "जोडा." मग बाजूला उभा राहून मोबाइल बघत असल्यासारखं करतो. तो मोबाइल बघत नसतो. टाकीचा पट्टा घट्ट आहे का, रेग्युलेटर उलटा लावलात का, झडप पूर्ण उघडलीत का, हे सगळं त्याच्या नजरेत असतं. झडपेची एक सोपी खूण लक्षात ठेवा: तोंडातून दोन-चार श्वास घेताना दाबाच्या काट्याकडे बघा. प्रत्येक श्वासाला काटा खाली जाऊन परत वर येत असेल, तर झडप नीट उघडलेली नाही. खोलवर गेल्यावर हीच चूक महाग पडते.

मग वजनाचा प्रश्न. समुद्रात माणूस तरंगतो, म्हणून कमरेला शिशाची वजनं बांधतात. चार वर्षांपूर्वी पाच किलो लागली होती म्हणून आजही पाचच लागतील असं नसतं. दरम्यान तुमचं स्वतःचं वजन बदललेलं असतं (कुठल्या दिशेने ते विचारत नाही), सूट जाड किंवा पातळ असतो, टाकी वेगळी असते. आणि एक गोष्ट पुष्कळ कार्डधारकही विसरतात: हवेला वजन असतं. भरलेल्या नेहमीच्या टाकीत सुमारे अडीच किलो हवा असते. डाइव्हच्या शेवटी ती बरीचशी संपलेली असते, म्हणजे तुम्ही तेवढे हलके झालेले असता. सुरुवातीला बेताचं वाटलेलं वजन शेवटी कमी पडतं आणि जिथे शांतपणे थांबायचं तिथे माणूस बुचासारखा वर निघतो. उलट, भीतीपोटी जास्त वजन बांधलं तर सारखी जाकिटात हवा भरावी लागते, दमछाक होते आणि टाकी लवकर संपते. ही बेरीज-वजाबाकी पूलमध्ये किंवा उथळ पाण्यात जुळवून घेणं, हा चेक डाइव्हचा माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा.

पाण्याखाली गेल्यावरचा पहिला धडा मास्कचा. मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं, मग वरची कड कपाळाशी दाबून, मान किंचित वर करून नाकातून श्वास सोडायचा. पाणी खालून निघून जातं. ऐकायला सोपं आहे. पण नाकापाशी पाणी आलं की शरीराला एकच कळतं: बुडतोय. अशा वेळी सवय नसलेला माणूस श्वास रोखून वर झेपावतो. आणि स्कूबातला पहिला नियमच हा आहे, की श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे भरून घेतलेली छातीतली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. फुप्फुसाला इजा व्हायला दहा मीटरही लागत नाहीत, दोन-तीन मीटर पुरतात. म्हणजे ज्या अपघाताची आपल्याला भीती वाटते तो शार्कने होत नाही, नाकात गेलेल्या चमचाभर पाण्याने होतो. म्हणून तो मुलगा तुमच्या मास्ककडे इतकं लक्ष देतो.

पुढे रेग्युलेटर तोंडातून काढून सोडून द्यायचा, उजवा हात मागून पुढे फिरवून तो परत शोधायचा आणि तोंडात घालायचा. हे करताना तोंडातून बारीक बुडबुडे सोडत राहायचे. मग 'हवा संपली' ही खूण, म्हणजे आडवा पंजा गळ्यासमोरून फिरवणं, आणि सोबत्याच्या जादा रेग्युलेटरवर श्वास घेत दोघांनी एकमेकांना धरून वर येणं. आणि शेवटी अधांतरी राहणं: हातपाय न मारता, तळाला न लागता, वरही न जाता एका पातळीत मिनिटभर थांबणं. इन्स्ट्रक्टर लोक सांगतात, की माणूस किती दिवसांनी पाण्यात आलाय हे त्यांना या एका मिनिटात कळतं. त्याचे हात कुत्र्यासारखे पाणी मारत असतात.

वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. घाई नाही, गप्पा नाहीत, फक्त घड्याळ आणि काटा बघायचा.

सगळं मिळून तास-दीड तासाचं काम. यात 'नापास' असा शेरा नसतो. काही अडलं तर ते परत करून घेतात. फारच अडलं तर त्या दिवशी उथळ जागी नेतात किंवा सोबत स्वतंत्र डाइव्हमास्टर देतात. मोठ्या संस्थांनी याला नावंही दिली आहेत. 'पॅडी'ची उजळणी 'रिअ‍ॅक्टिव्हेट' नावाने मिळते. किती दिवसांच्या खंडानंतर ती घ्यायची याचा प्रत्येक सेंटरचा नियम वेगळा. सहा महिने ते वर्ष हा नेहमीचा टप्पा. पैसे घेतात का, किती, आणि त्यात काय काय येतं, हे बुकिंग करतानाच विचारा. तिथे जाऊन वाद घालण्यात सुट्टीचा अर्धा दिवस जातो.

ही पैसे उकळायची युक्ती आहे, अशी तक्रार मी ऐकली आहे. काही ठिकाणी असेलही. गेल्याच महिन्यात डाइव्ह केलेल्या, लॉगबुक जवळ असलेल्या माणसालाही पूर्ण उजळणीचे पैसे लावत असतील तर जरूर हुज्जत घाला. पहिली डाइव्ह उथळ जागी ठेवून तिथेच दोन-तीन गोष्टी करून दाखवा म्हटलं, तर ते रास्त. पण चार वर्षांचा खंड ऐकूनही "चला, बोट तयार आहे" म्हणणाऱ्या सेंटरपासून मी तरी चार पावलं लांब राहीन.

मालवणला असं काही विचारलं नव्हतं

नसेलच विचारलं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जी डाइव्ह आपण बहुतेकांनी केलेली असते, ती निराळी. तिथे गाईड तुम्हाला मागून धरून असतो. जाकिटात हवा किती, किती खोल जायचं, कधी वर यायचं, सगळं त्याच्या हातात. तुम्ही फक्त श्वास घ्यायचा आणि मासे बघायचे. तिला कार्ड लागत नाही आणि ती करून कार्ड मिळतही नाही. "मी मालवणला स्कूबा केलंय" आणि "मी सर्टिफाइड आहे" या दोन वाक्यांत पोहता येण्याइतका फरक आहे. कार्ड हवं असेल तर काही दिवसांचा कोर्स करावा लागतो. त्यात दोनशे मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणंही करून दाखवावं लागतं. तारकर्लीला एमटीडीसीच्या स्कूबा संस्थेत तो मराठी बोलणाऱ्या माणसांकडून शिकता येतो, आणि उजळणीसाठीही ती जागा चांगली आहे. पुदुच्चेरीला जायचं ठरलं असेल आणि हाताशी वेळ असेल, तर आधी तिकडे एक वीकेंड काढा. बंगालच्या उपसागरात किल्ल्याचा आडोसा नसतो; बोटीतून उतरलात की थेट उघडा समुद्र असतो, आणि विसरलेली गोष्ट आठवायला लाटा थांबत नाहीत.

आता ज्या घरांत मुलंही डायव्हर आहेत, त्यांच्याशी थोडं वेगळं बोलते.

दहा वर्षांपासून पुढे मुलांना ज्युनिअर कार्ड मिळू शकतं. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला बारा मीटरपर्यंतच जाता येतं, आणि सोबत प्रमाणपत्र असलेले आई किंवा बाबा, नाहीतर प्रशिक्षित व्यावसायिक असावा लागतो. बारा ते चौदा वयालाही सोबत मोठा डायव्हर लागतोच. म्हणजे कागदावर असं दिसतं: मुलगी बारा वर्षांची, यंदाच मे महिन्यात शिकलेली; बाबा सर्टिफाइड, लग्नाआधी अंदमानात शिकलेले. दोघांची जोडी नियमात बसते. पण पाण्याखाली त्या मुलीची हवा संपली, किंवा मास्क निघाला, तर ती वळणार आहे बाबांकडे. तिने सगळं दोन महिन्यांपूर्वी शिकलंय, तिला खूण बरोबर आठवेल. तिला जादा रेग्युलेटर देणारा हात मात्र तेरा वर्षांत त्या नळीकडे गेलेला नाही. तिच्या वयाला हे कळत नाही. बाबा म्हणजे बाबा, त्यांना येतंच.

अशा जोडीला काउंटरवरच्या मुलाने आधी पूलमध्ये उतरायला सांगितलं, तर आईने अहोंची बाजू घेऊन भांडू नये. दोघांना एकत्रच उजळणी करायला सांगा. मुलगी बाबांना मास्क कसा रिकामा करायचा ते दाखवते, आणि बाबा तिच्यापेक्षा जास्त पाणी गिळतात. मुलांना हा प्रसंग पुढे वर्षभर पुरतो.

आई-बाबा दोघेही डायव्हर असतील आणि मुलं लहान असतील, तर दोघांनी एकाच बोटीतून जायचं की आळीपाळीने, हेही घरी बसून ठरवा. आम्ही आळीपाळीने जातो. त्यात एक सकाळ जास्त लागते.

परीक्षा दोन्ही बाजूंनी

ते तुम्हाला तपासतात, तसं तुम्हीही त्यांना तपासा. बोटीवर ऑक्सिजनचा संच आहे का? एका गाईडमागे किती डायव्हर? पाण्यातून बोटीवर चढायला शिडी आहे का? जवळचं हॉस्पिटल कुठलं, आणि वेळ आलीच तर दाबाच्या चेंबरपर्यंत कसं नेणार? विचारताना संकोच नको. चांगल्या सेंटरला असे प्रश्न आवडतात. लाइफ जॅकेट मोजा. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. पाण्याखालचं सगळं नीट करूनही वरची बोट धड असावी लागते.

आणि एक कागद तुम्ही प्रामाणिकपणे भरायचा असतो, तो आरोग्याचा. दमा, रक्तदाब, कानाचं ऑपरेशन, हृदयाचं दुखणं, पंचेचाळिशीपुढचं वय आणि त्यासोबतची काही कारणं; यातल्या एखाद्याला 'हो' आलं तर डॉक्टरांची सही लागू शकते. पुष्कळजण सगळीकडे 'नाही' लिहून मोकळे होतात, कारण सही आणायला तिथे वेळ नसतो. म्हणून हा फॉर्म निघण्याआधी सेंटरकडून मागवून घ्या आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाही, इतकं साधं आहे ते. कानातला दाब मोकळा झाला नाही तर पडदा फाटू शकतो. त्याऐवजी पुदुच्चेरीच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर फिरा.

नायट्रोजन निघेपर्यंत

आता निवांत कुंभकोणम. इथे पोचाल तेव्हा अंगाला अजून मिठाचा वास असेल आणि नातवंडांचा विरोध मावळलेला असेल. समुद्रात दमलेली मुलं देवळाच्या गार दगडावर आनंदाने बसतात.

दारासुरमचं ऐरावतेश्वर देऊळ गावापासून चारेक किलोमीटरवर आहे. बाराव्या शतकातलं, दुसऱ्या राजराज चोळाचं, जागतिक वारशाच्या यादीतलं. रथाच्या आकाराचा मंडप, त्याला जुंपलेला दगडी घोडा, आणि हाताने वाजवल्या तर वेगवेगळे सूर देणाऱ्या म्हणून नावाजलेल्या पायऱ्या (आता त्या जाळीआड आहेत). संध्याकाळी जा, तेव्हा दगड सोनेरी दिसतो. स्वामीमलैला पंचधातूच्या मूर्ती घडवणारे स्थपती आहेत. आधी मेणाची मूर्ती, मग तिच्यावर मातीचा लेप, मग मेण वितळवून त्या पोकळीत धातू. सकाळी गेलात तर काम चालू दिसतं.

महामहम तळ्याच्या काठावर सोळा छोटे मंडप आहेत. गुरू सिंह राशीत असताना माघात इथे महामहम भरतो, बारा वर्षांनी एकदा. आपल्या नाशिकचा सिंहस्थही गुरूच्या याच राशीवर ठरतो, म्हणून दोन्ही पाठोपाठ येतात. मागचा २०१६ साली झाला, पुढचा २०२८ साली आहे. त्या दिवसांत सहलीचा बेत करू नका. १९९२च्या महामहमात इथे चेंगराचेंगरीत चाळीसहून अधिक माणसं गेली होती. एरवी तळं शांत असतं. मराठी माणसाला इथे परकं वाटत नाही. तंजावरचं मराठी राज्य चाळीस किलोमीटरवर होतं, आणि बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव १८२८ साली याच गावात एका तंजावरी मराठी घरात जन्मले.

आणि कॉफी प्यायला बसाल तेव्हा लॉगबुक उघडा. तारीख, जागा, खोली, किती मिनिटं, हे तर लिहितातच. त्याशिवाय किती किलो वजन बांधलं, सूट किती जाडीचा होता, टाकी कुठली होती, सुरुवातीला काटा कुठे होता आणि शेवटी कुठे, हेही लिहा. मास्क रिकामा करताना दुसऱ्यांदा जमलं असेल तर "दुसऱ्यांदा" असंच लिहा. खाली सेंटरचा शिक्का आणि गाईडची सही पुदुच्चेरीतच घेतलेली असू द्या. इथून परत जायला तीन तास लागतात.